पाणी उभं राहतं तेव्हा

४ तारीख, सोमवार

अगं, नाही पडणार मी पाण्यात. आणि पडले तर पडले, तेवढीच आंघोळ होईल.

एवढं म्हटलं की लेक फोन ठेवते. रोजचा तिचा सवाल, रोजचा माझा जवाब. आज ठेवायच्या आधी म्हणाली, आई, तुला थट्टा सुचते आणि इथं मला झोप लागत नाही. म्हटलं, मग ये इकडे राहायला. बोट पाळण्यासारखी हलते, झोप न येऊन सांगते कुणाला.

ही वही यांची. आमचे हे रोज तिच्यात वारा कुठला, भरती किती वाजता, बोटीच्या पोटात साठलेलं पाणी काढायला पंपाचे हात किती मारले, ते लिहायचे. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. मागची पानं कोरीच राहिली होती. इथल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, त्यापेक्षा माझ्या अक्षरानं खराब झालेला बरा. माझी शाळा गावातली, चौथीपर्यंतची. मास्तर म्हणायचे, हिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरलीय. मी म्हटलं, मग वाचणाऱ्यानं दाणे शोधावेत. त्याच्या दोन छड्या अजून आठवतात.

लिहायला बसले त्याला कारण झालं. सकाळी बंदरावरचा साहेब धक्क्यावर येऊन उभा राहिला. बोटीवर पाय ठेवत नाही तो, बुटाला ओल लागते. म्हणाला, बाई, या बोटीचा तळ दोन वर्षं कुणी बघितलेला नाही. पंचवीस तारखेच्या आत पाणबुड्याकडून तपासून घ्या आणि त्याची चिठ्ठी आणून द्या. तळ धड असेल तर खुशाल राहा, नसेल तर बोट बाहेर काढावी लागेल. एवढी म्हातारी बोट एकदा बाहेर निघाली की परत पाण्यात जात नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मग माझी रवानगी लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर, जिथं जमीन मेली हलतसुद्धा नाही.

मी म्हटलं, साहेब, माझाही तळ कुणी बरीच वर्षं तपासलेला नाही, त्याचीपण चिठ्ठी लागेल का? साहेब कानापर्यंत लाल झाला आणि गेला.

पंपाचे हात बावीस. वारा आहे, पण कुठला ते यांनाच कळायचं.

६ तारीख, बुधवार

लोकांना वाटतं शिडाच्या बोटीवर राहायचं म्हणजे पाय सोडून सूर्य बघत बसायचं. त्यांना एक दिवस माझ्या जागी बसवायला पाहिजे. सकाळी उठून आधी गाद्या वर काढायच्या, नाहीतर दोन दिवसांत त्यांना वास मारतो. मग धक्क्यावरच्या नळावरून पाण्याचे कॅन आणायचे, दोन्ही हातांत एकेक, आणि मधल्या फळीवरून तोल सावरत यायचं. कपडे खाऱ्या पाण्यात धुवायचे, शेवटचं एकच पाणी गोडं. चादर पिळायची तर एकटीनं, एक टोक कठड्याला बांधून. काडेपेटी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी खुंटीला. जी वस्तू बांधून ठेवली नाही ती संध्याकाळपर्यंत जमिनीवर. संसार कसा, मूठभर खोलीत आणि सगळा दोरीनं बांधलेला.

शेजारच्या बोटीवर एक म्हातारा मेकॅनिक राहतो. इंजिनं दुरुस्त करतो, सगळा धक्का त्याला नटबोल्ट म्हणतो. त्याला पाणबुड्याचं विचारलं. तो म्हणाला, ओळखीचा आहे एक, मिशीवाला, पण फार शिस्तीचा. बोटीवर माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरत नाही.

हा नियम आमच्या यांचाच. तळाला शिंपले चिकटतात, ते खरवडायला हे दर महिन्याला श्वास रोखून खाली उतरायचे, भरती पुरी होऊन पाणी उभं राहिलं की. तेवढा अर्धा तास पाण्याला ओढ नसते. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर खुंट्याला. मी आतमध्ये माझं काम करत बसायचे. ते खालून तळावर वाजवायचे. एक वाजलं म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे ओढ. प्रत्येकाला मी आतून पळीनं तेवढंच उत्तर द्यायचं. जमिनीवर आमचं एकमेकांशी कधी एवढं पटलं नव्हतं.

नटबोल्ट हातातला पाना पुसत म्हणाला, "वहिनी, एक कोडं मला अजून सुटत नाही. एवढा नियमाचा माणूस त्या दिवशी एकटा उतरला कसा?"

मी म्हटलं, मी बाजारात गेले होते, साबण संपला होता. त्यांना दम निघाला नसेल.

त्यानं मान हलवली. त्या संध्याकाळी बोटीखाली, इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलेला यांचा दोर त्यानंच कापला होता. त्यामुळे त्याला विचारायचा हक्क आहे. तरी विचारू नये असं वाटतं.

पंप चोवीस.

९ तारीख, शनिवार

आता लिहूनच टाकते. गेले काही दिवस तळाखालून टकटक होते.

एकच. रोज, भरती पुरी झाली आणि पाणी उभं राहिलं की. आज दोन वाजता झाली. मी खाली बसून बटण लावत होते. टक्. मग शांतता, म्हणजे अशी शांतता की कुणीतरी पुढच्या आवाजाची वाट बघतंय. मी मोठ्यानं म्हटलं, ऐकलं हो, ठीक आहे ना, मग राहा तिकडेच. आणि हसले. हसू नीट आलं नाही.

नटबोल्टला सांगितलं तेव्हा त्यानं पाच कारणं दिली. सुटा दोर असेल, वाहत आलेलं लाकूड असेल, मासे शिंपले टोचत असतील, उन्हानं फळी तडकत असेल. पाचवं कारण देता देता तो आमचा एकेक दोर आवळून गेला.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मासे असतील तर माझं काही म्हणणं नाही.

बाजारात जाऊन आले. कांदे आणले.

१० तारीख, रविवार

लेक आली होती. जेवणं झाल्यावर मी पिशवी घेतली, म्हटलं चल बाजारात. ती म्हणाली, आई, आत्ता तीन वाजताच्या उन्हात? तू जा, मी जरा पडते. मी बराच आग्रह केला. शेवटी एकटीच गेले. तिला तिथं खाली ठेवून जायला नको होतं, पण पाय थांबले नाहीत.

परत आले तर पोरगी उठून बसली होती, हातात माझी पळी. म्हणाली, शेजारचे काका काहीतरी ठोकत होते बहुतेक, खालून आवाज येत होता. एक वाजला की जरा थांबून परत एक. मला करमेना, म्हणून मी पण पळीनं एक वाजवला. लगेच थांबलं.

मी पळी तिच्या हातातून घेतली आणि घासायला बसले. घासलेलीच होती.

मग चहा पिताना तिनं विषय काढलाच. यांचा फोटो तिनं भिंतीवरून काढून कपाटात ठेवलाय, म्हणे बघवत नाही. दुःखानं नाही, रागानं. "नियम त्यांनी केला, मला घोकून घेतला, आणि स्वतःच मोडला. तू अर्ध्या तासात येणार होतीस. तेवढा वेळ थांबता आलं नाही त्यांना? तुझा विचार केला नाही, माझाही नाही."

मी म्हटलं, जाऊ दे, गेल्या माणसाला काय बोलायचं. आणि मी पाव आणायला गेले नसते तर असंही म्हटलं. ती म्हणाली, तू तर साबण म्हणायचीस. मी म्हटलं, दोन्ही आणलं असेल.

माझ्यासारखी तोंडाळ बाई, दगडालाही चिमटा काढणारी, आणि बापाची बाजू घ्यायच्या वेळी माझ्या तोंडाला कुलूप. जाताना लेक म्हणाली, पंचवीस तारखेची वाट कशाला बघतेस, आत्ताच चल. म्हटलं, बोट सोडून मी येणार नाही. का, म्हणाली. मी तिच्या पिशवीत कांदे भरत राहिले.

१४ तारीख, गुरुवार

तीन दिवस टकटक नाही. लेकीनं उत्तर दिलं तेव्हापासून. मला वाटलं सुटले. मग वाटलं, एवढंच हवं होतं का? एक पळी वाजवायची, बस? मग मला काय धाड भरली होती इतके दिवस.

आज संध्याकाळी सहाला, शिडाचं आवरण शिवत होते, तेव्हा परत. टक्. मी पळी हातात घेतली. फळीवर वाजवायला हात खाली नेला, आणि नेता नेता त्याच पळीनं शेगडीवरची डाळ ढवळली. डाळीला ढवळायची गरज नव्हती, ती अजून तापलीही नव्हती.

आवाज सरकलाय. आधी मागं यायचा, पंख्यापाशी. आज माझ्या बाकड्याखाली आला, जिथं मी निजते.

पंप सव्वीस. गाद्या वाळत घालायच्या राहिल्या.

१८ तारीख, सोमवार

आता वरच स्वयंपाक करते. शेगडी वर आणली, वाऱ्यानं विझते, पण मोकळं वाटतं. निजतेही वरच. नटबोल्टनं विचारलं तर म्हटलं, खाली उकडतं. तो म्हणाला, हो का, मी तर दोन पांघरुणं घेतो.

आणि बाजारात मी रोज जाते हे त्याच्या लक्षात आलंय. आज सकाळी साडेआठला निघाले तर हा कठड्यावर बसलेला. म्हणाला, वहिनी, मागच्या आठवड्यात तुम्ही दुपारी जायचात, मग संध्याकाळी, आता सकाळी. तुमचा कांदेवाला भरती-ओहोटी बघून दुकान उघडतो काय?

मी म्हटलं, कांदेवाला देखणा आहे, बायको माहेरी गेली की बोलावतो. धक्क्यावरचे दोघं तिघं हसले. नटबोल्ट हसला नाही. त्यानं आमच्या बोटीवर टांगलेल्या कांद्यांच्या पिशव्यांकडे बघितलं. अकरा होत्या. सगळ्यात जुन्या पिशवीतल्या कांद्यांना हातभर कोंब आलेत.

परत आले तेव्हा तो म्हणाला, मी मघाशी तुमच्या बोटीत जरा बसलो होतो, म्हटलं बघावं तरी मासे कुठले ते. मी विचारलं, मग? तो म्हणाला, मासे नाहीत. बिडी पेटवायला त्याला चार काड्या लागल्या.

२० तारीख, बुधवार

मिशीवाला पाणबुड्या येऊन बघून गेला. वयानं पन्नाशीचा, बोलणं मोजून मापून. म्हणाला, परवा येतो, साडेबाराला पाणी उभं राहील तेव्हा उतरतो. तळ धड वाटला तर लगेच चिठ्ठी देतो.

मग म्हणाला, दोर वर नटबोल्ट धरतील, पण आत एक माणूस पाहिजे. पाठीवर हवेची टाकी असते, तरी मी दर थोड्या वेळानं एक वाजवणार, तुम्ही एक वाजवायचं. उत्तर आलं नाही तर मी काम सोडून वर येतो, आणि परत उतरत नाही. मग चिठ्ठी नाही. "खाली माणूस एकटा असतो, मावशी. वर कुणीतरी आहे एवढंच त्याला कळायला लागतं."

मी म्हटलं, दुसरं कुणी बसवलं तर? माझे कान जरा कमी आहेत. नटबोल्ट म्हणाला, वहिनींना पलीकडच्या बोटीवरची कुजबूज ऐकू येते, त्यांचं काही ऐकू नका.

झालं, म्हणजे मीच.

मनात आलं, नकोच ती चिठ्ठी. जावं लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर, जमिनीखाली जमीनच असते तिथं. पिशवी भरायलाही घेतली. दोन लुगडी भरली आणि मग वाटलं, मी गेले की ही बोट फोडतील. मग पाणी उभं राहिल्यावर ते टकटक कशावर करणार? अशा वेडगळ विचारानं माणूस थांबतं. लुगडी परत खुंटीला टांगली.

पंप मारले नाहीत.

२२ तारीख, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते. अक्षर मास्तरांच्या कोंबडीचंच आहे.

पाणबुड्या बरोबर साडेबाराला उतरला. वारा अजिबात नव्हता, पाणी ताटात ओतल्यासारखं. नटबोल्ट वर, पुढच्या टोकाला, दोन्ही हातांत दोर. मी आत, जमिनीवर बसलेली, पळी हातात. चौदा तारखेनंतर पहिल्यांदाच त्या वेळेला खाली होते.

पहिला टक् आला, पुढून. पाणबुड्याचाच, दुसरा कुणाचा असणार. मला फक्त एकदा पळी आपटायची होती. हात उचलला जाईना. म्हणजे जड झाला, सुन्न झाला, असं नाही. हात माझाच होता, चांगला होता, तरी तो उचलला जाईना. मी म्हटलं, अगं भवाने, वाजव. म्हटलं, आता तो वर येणार, चिठ्ठी गेली.

तो वर आला नाही. थोड्या वेळानं दुसरा टक्. मी तशीच. मग तिसरा. मी मोजत होते, सगळे मिळून नऊ झाले. नऊच्या नऊ वेळा मी पळी मांडीवर घेऊन बसले, आणि एकदाही वाजवली नाही. एकदाही नाही. हे मी शपथेवर लिहिते.

पंचवीस मिनिटांनी तो वर आला, टाकी काढली, तोंड पुसलं. म्हणाला, तळ पक्का आहे. दोन फळ्यांना डांबर लागेल, बाकी अजून दहा वर्षं हलणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उत्तर एकदम चोख दिलंत, मावशी. एकाला एक, लगेच. फक्त पुढच्या वेळी मागं बसून वाजवू नका. मी पुढं काम करतो आणि आवाज पंख्यापाशी, बाहेरून आल्यासारखा येतो. माणूस गोंधळतो."

मी नटबोल्टकडे बघितलं. तो म्हणाला, माझे दोन्ही हात दोरावर होते.

पाणबुड्या मिशी पिळत पुढे सांगत होता, की एकदा दोर पंख्यात अडकला होता. तीन वाजवणार तेवढ्यात आपोआप सुटला. तुम्ही सैल सोडलात का? नटबोल्टनं नाही म्हणून मान हलवली आणि दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच परत गुंडाळत राहिला.

चिठ्ठी मिळाली. साहेबाच्या हातात देऊन आले. त्यानं शिक्का मारला, म्हणाला, राहा बाई आता निवांत. मी त्याला एकही टोमणा मारला नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला.

आता खाली बसलेय. पाणी परत ओढ घ्यायला लागलंय, दोर कुरकुरतात. राहायला मिळालं, हवं होतं ते झालं. पण ज्यानं दुसऱ्याच्या नऊ हाकांना उत्तर दिलं, त्याच्याविषयी माझ्या लेकीच्या कपाटात राग ठेवलेला मला चालणार नाही. ही वही उद्या तिच्याकडे पाठवते. पोरी, इथून पुढचं तुझ्यासाठी. वाचून झालं की बाबांचा फोटो भिंतीवर लाव, आणि माझ्याशी बोलायचं का नाही ते तुझं तू ठरव.

तुझ्या बाबांनी नियम मोडला नाही. त्या दिवशी बोटीत माणूस होतं. मी होते.

खाली बसून चादर पिळत होते. त्यांनी तीन वाजवले. त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी असेच तीन वाजवून मला पळवलं होतं, मी जीव खाऊन दोर ओढला आणि हे दात काढत वर आले. आम्ही दोघं असलेच, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. म्हटलं, आज माझी पाळी, बसू दे जरा घाबरत. परत तीन वाजले. मी तोंडावर हात धरून हसत होते. मग जरा वेळानं एकच वाजला. एक म्हणजे ठीक आहे. मी चादर वाळत घालायला वर गेले. दोर ताठ होता. ओढून बघितला, येईना. परत ओढला. पाण्यावर बुडबुडाही नव्हता.

तेव्हा मला सगळं कळलं. नटबोल्ट पलीकडच्या बोटीवर होता, त्याचा हातोडा मला ऐकू येत होता. मी त्याला हाक मारली नाही. पिशवी घेतली आणि बाजारात गेले, लोकांनी मला तिथं बघावं म्हणून.